स्वयंपाकघरातली पाच मते

शनिवार, १६ फेब्रुवारी १९७४. सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

या वेळी मी टटल यांच्या दुकानात कोंबडीखाद्याचे पोते शिवत होतो. वेळ नक्की लिहिली आहे, कारण नेमके याच वेळी मिस्टर हॉइट पोस्टाच्या पायरीवरून बर्फावर घसरले आणि त्यांचे कमरेचे हाड मोडले, असे मागाहून कळले. मी पोते शिवत होतो हे दोन गिऱ्हाइकांनी पाहिले आहे. मला कोणी विचारणार नाही, पण लिहून ठेवलेले बरे.

हॉइट म्हणजे आमच्या एल्डन फॉल्स गावाच्या गावसभेचे कायमचे सभापती. माझा जन्म व्हायच्या आधीपासून. सभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी असते, म्हणजे जेमतेम अडीच आठवडे उरले. दुपारी मिस्टर टटल पाइप ओढत माझ्याजवळ आले. दुकान त्यांचे आहे, शिवाय गावच्या तीन पंचांपैकी ते एक आहेत.

"ऑरिन, या वर्षी तू सभापती हो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मी नववीत शाळा सोडली आहे, मिस्टर टटल."

"म्हणूनच म्हणतोय. शिकलेल्या माणसाला मतं असतात. तुला आहेत का काही मतं?"

मी विचार केला. "चाऱ्याबद्दल आहेत."

"ती चालतील," ते म्हणाले.

मग खरे कारण सांगितले. या वर्षी सभेच्या विषयपत्रिकेत तेविसावे कलम मिस ॲव्हरिल यांनी सह्या गोळा करून घातले आहे. राष्ट्राध्यक्षांची निःपक्षपाती चौकशी व्हावी, आणि आमच्या लोकप्रतिनिधीने वॉशिंग्टनमध्ये तशी मागणी करावी, असा ठराव आहे. टटल म्हणाले, त्यावर गाव एकमेकांच्या उरावर बसणार, तेव्हा खुर्चीत कोणाचाच नसलेला माणूस हवा.

'निःपक्षपाती' हा शब्द शब्दकोशात पाहून लिहिला.

सोमवार, १८ फेब्रुवारी

मिस ॲव्हरिल यांना कसे सांगावे याची काळजी होती. त्यांनी मला पाचवी ते आठवी शिकवले आहे आणि अजूनही मी त्यांच्यासमोर खिशातून हात काढतो. पण त्या स्वतःच दुकानात आल्या, आणि मांजराचे खाणे न मागता सरळ माझ्याकडे वळल्या.

"ऐकलं मी. उत्तम निवड," त्या म्हणाल्या. "तू वर्गात कधी उत्तर द्यायचा नाहीस, पण वहीत बरोबर लिहायचास."

त्यांनी मला सभेच्या नियमांचे पुस्तक वाचायला दिले. जाड आहे. घरी नेऊन उघडले तर पूर्ण पुस्तकात पेन्सिलची खूण एकाच जागी होती: समसमान मते पडल्यास सभापतीला आपले मत देता येते. योगायोगाने पुस्तक तिथेच उघडते.

बुधवार, २० फेब्रुवारी

आत्याला सांगितले. आत्या डेल्फीनकडे मी आई गेल्यापासून राहतो. तिच्या स्वयंपाकघरात राष्ट्राध्यक्षांचा फोटो आहे, सेंट ॲनच्या तसबिरीशेजारी, थोडासा खाली. आता पेपरात रोज काहीतरी येते, ध्वनिफिती म्हणे, कोण काय बोलले म्हणे, पण फोटो हललेला नाही.

"त्यांचे डोळे बघ," ती पीठ मळता मळता म्हणाली. "झोप नाही बिचाऱ्यांना. आणि ती ॲव्हरिल निघाली चौकशी करायला! तिच्या मांजराची चौकशी कर म्हणावं आधी. माझे दोन ट्राउट मासे कुठे गेले?"

"आत्या, माझ्यासमोर तेविसाव्या कलमावर बोलू नकोस. मी सभापती होणार."

"माझ्या स्वयंपाकघरात मी काय बोलायचं ते तू ठरवणार?"

"मग मी बाहेर जेवतो."

"उणे अठरा आहे बाहेर."

मी पडवीत दोन घास खाल्ले आणि आत आलो. यापुढे ती बोलू लागली की मी मनात पाढे म्हणायचे ठरवले आहे.

रविवार, २४ फेब्रुवारी

हॉइट यांना इस्पितळात भेटलो. पाय वर टांगलेला, चेहरा एकदम खुशीत. म्हणाले, गेल्या तीस वर्षांत पहिल्यांदाच मार्च महिना शांततेत जाणार.

मी वही काढली. ते म्हणाले, "लिहू नकोस, ऐक. घाई करायची नाही. कोणी ओरडलं तर पाणी प्यायचं, म्हणजे सगळे तुझ्या घशाकडे बघत बसतात. आणि उभं राहून मोजणी घ्यायची झाली की आधी घंटी. सभागृहामागच्या स्वयंपाकघरात बायका जेवणाच्या तयारीत असतात. भांड्यांच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नाही. घंटी वाजली की हात पुसून बाहेर येतात. ती विसरलास तर तुझी आत्या तुला बीन्स वाढणार नाही."

"समसमान मतं पडली तर?"

"माझ्या वेळी कधी पडली नाहीत. देवाची कृपा."

"मग तुम्ही कधी मत दिलंच नाही?"

"खुर्चीवरून नाही."

मी धीर करून विचारले, "राष्ट्राध्यक्षांबद्दल तुमचं काय मत आहे?"

"नर्स," ते म्हणाले, "याची भेटीची वेळ संपली."

बुधवार, २७ फेब्रुवारी

रात्रीत दहा इंच बर्फ. एक अडचण लिहिली पाहिजे. गावाचा बर्फ हटवायचा ट्रक रोवीना किंबल चालवते, कारण तिच्या वडिलांची पाठ धरते. या हिवाळ्यात प्रत्येक वेळी तिने आमची वाट सगळ्यात आधी मोकळी केली आहे. आज सकाळी मी ट्रकच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो.

"आमची वाट यापुढे शेवटी करत जा," मी म्हणालो.

"का?"

"मी सभापती होणार आहे. लोक म्हणतील, सभापतीला सवलत मिळते."

"तू सभापती व्हायच्या आधीपासून तुझीच वाट आधी करतेय मी, ऑरिन."

"हो, तेही मला कळलेलं नाही. तुमच्या गॅरेजपासून डॉक्टरांचं घर जवळ पडतं."

तिने खिडकीतून माझ्याकडे बराच वेळ पाहिले. वायपर चालूच होते.

"तू खरंच नववीत नापास झालास ना?"

"नापास नाही. सोडली."

तिने काच वर केली. संध्याकाळी साडेपाचला आमची वाट साफ झाली, आणि फाटकासमोर माझ्या छातीइतका बर्फाचा ढीग राहिला. तो मी फावड्याने काढला. सगळे नियमाप्रमाणे झाले, तरी समाधान वाटत नाही. कारण सापडले नाही.

शुक्रवार, १ मार्च

आज टटल यांनी मला आतल्या खोलीत बोलावले. तिथे शेगडी आहे, आणि शेगडीशेजारी हिशेबाचे टेबल. तिथे बसणाऱ्या माणसाला पोती उचलावी लागत नाहीत. नऊ वर्षे मी ते टेबल दारातून पाहिले आहे.

"एप्रिलपासून हे टेबल तुझं," ते म्हणाले. "आठवड्याला बारा डॉलर जास्त. तुझं अक्षर चांगलं आहे, बेरीज चुकत नाही."

मी हातावरची धूळ पँटला पुसली.

"मंगळवारी फक्त सगळं सुरळीत पार पाड. नियमाबाहेर जाऊ नकोस. कसलीही शंका आली की गप्प बस, ठराव आपोआप पडतो. गप्प बसणं म्हणजेच निःपक्षपात."

मी आभार मानले. घरी येताना विचार केला: ते मला काही चुकीचे करायला सांगत नव्हते. नियमच पाळ म्हणाले. तरी टेबलाचा आनंद जितका व्हायला हवा तितका झाला नाही, आणि जितका झाला त्याचीही लाज वाटली. दोन्ही लिहून ठेवतो.

सोमवार, ४ मार्च

नेकटाय आणला, राखाडी. निळा एखाद्या पक्षाचा वाटेल म्हणून नाही, लाल कोणाचा वाटेल ते माहीत नाही म्हणून तोही नाही. दुकानदारीण म्हणाली, राखाडी अंत्यविधीला नेतात.

मंगळवार, ५ मार्च

सगळे क्रमाने लिहितो.

सभागृह नऊला भरले. पहिल्या कलमात सभापती निवडतात. टटल यांनी माझे नाव सुचवले, मिस ॲव्हरिल यांनी अनुमोदन दिले. दोघांना एकाच बाजूला पाहून लोकांना खोकला आला. मी वर्षभरासाठी निवडून आलो. खिशातून हात काढले आणि खुर्चीत बसलो.

सकाळ चांगली गेली. रस्त्यांचा खर्च, शाळेचे छप्पर, मोकाट कुत्र्यांचा प्रश्न. उभे राहून मोजणी तीनदा झाली, तिन्ही वेळा मी घंटी वाजवली, तिन्ही वेळा स्वयंपाकघरातून आत्या आणि तिच्या हाताखालच्या चार जणी एप्रनला हात पुसत बाहेर आल्या, मत देऊन परत गेल्या. आत्याने मला एकदा डोळा मारला. मी छताकडे पाहिले.

तेविसावे कलम आले तेव्हा पावणेबारा झाले होते. बीन्सचा आणि हॅमचा वास साऱ्या सभागृहात पसरला होता आणि माणसे भुकेने तापट झाली होती.

मिस ॲव्हरिल उभ्या राहिल्या. शाळेत बोलायच्या तशाच बोलल्या. राष्ट्राध्यक्ष दोषी आहेत असे ठराव म्हणत नाही. कोणीतरी नीट पाहावे एवढेच म्हणतो.

टटल उठले. "सभापती महाशय, या माणसाला देशानं चार वर्षांसाठी निवडून दिलंय. त्याला काम करू द्या. आणि पाहणार कोण? ज्यांच्या डोळ्यात तो पहिल्या दिवसापासून सलतोय, तेच ना?"

"म्हणूनच तर निःपक्षपाती लिहिलंय, वॉल्डो. त्याचा मित्रही नको आणि वैरीही नको," मिस ॲव्हरिल टटल यांना म्हणाल्या.

"असा माणूस मला देशात एक तरी दाखवा! राष्ट्राध्यक्ष आवडतही नाही, खुपतही नाही, असा माणूस एक तर पेपर वाचत नाही, नाहीतर मेलेला असतो."

"नाहीतर पुढे खुर्चीत बसलेला असतो!" मागून कोणीतरी ओरडले. पूर्ण सभागृह हसले. मी पाणी प्यायलो. हॉइट म्हणाले होते तसेच झाले, सगळे माझ्या घशाकडे पाहू लागले.

डोंगराकडचा एक दूधवाला शेतकरी उभा राहिला. "माझ्या दुधात पाणी आहे असा संशय आला, तर डेअरीवाले तपासायला माझ्या मेव्हण्याला पाठवत नाहीत. आणि माझ्याशी कुंपणावरून भांडणाऱ्यालाही पाठवत नाहीत. तिसऱ्याला पाठवतात. आहे की तिसरा माणूस."

"आणि रोज उठून दूधच तपासत बसलात," टटल म्हणाले, "तर गायीची धार काढणार कधी?"

दोन्ही बोलण्यांना टाळ्या मिळाल्या. मला दोन्ही पटली, आणि हे सभापतीला शोभते की नाही ते कळेना.

मी आवाजी मत घेतले. 'हो' आणि 'नाही' सारखेच मोठे झाले. सात जणांनी उभे राहून मोजणी मागितली. तेवढ्यात मागचे दार उघडले, गार वारा आला आणि रोवीना किंबल आत आली, टोपीवर बर्फ, गाल लाल. तिला बसायला जागा दिसत नव्हती. सभागृहात मतदारांना जागा मिळते की नाही हे पाहणे सभापतीचे काम आहे, म्हणून मी पाहत राहिलो. तिला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. मग मी मोजणी घेतली. ती कोणत्या बाजूने उभी राहिली ते पाहायचे नाही असे ठरवले आणि त्या वेळी खाली पाहिले.

'हो' त्रेसष्ट. 'नाही' त्रेसष्ट.

सभागृहात इतकी शांतता झाली की आतून भांड्यांचा आवाज ऐकू आला. मी आकडे वाचून दाखवले.

"समसमान म्हणजे ठराव पडला," टटल म्हणाले. "पुढचं कलम घ्या. जेवण गार होतंय."

"सभापतींना मत आहे!" मिस ॲव्हरिल म्हणाल्या. "पान मला पाठ आहे."

"आहे, पण द्यायलाच हवं असं नाही. गप्प बसण्याचा हक्क आहे त्यांना."

सगळे माझ्याकडे पाहत होते. एकशे सव्वीस माणसे. मला मत नाही, असे मी आणि गाव इतके दिवस समजत होतो. पण त्या क्षणी मला कळले की मला मत होते. अगदी स्पष्ट. ते काय होते ते मी इथेही लिहिणार नाही. आणि हेही कळले की गप्प बसलो तर तेही मतच होणार, फक्त त्यावर माझे नाव नसणार.

मी उभा राहिलो, टेबलाला धरायला हात पुढे केला, आणि हात घंटीला लागला.

ती मी वाजवली नव्हती.

मी म्हणालो, "माझी चूक झाली. घंटी वाजवायची राहिली. स्वयंपाकघरातल्या पाच मतदारांना मोजणी आहे हे कळलंच नाही. मोजणी पुन्हा घ्यावी लागेल."

टटल यांचा चेहरा उजळला. आत्याच्या स्वयंपाकघरात कोणाचा फोटो आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या चौघी तिचीच री ओढतात.

"अगदी बरोबर!" टटल म्हणाले. "बायकांना डावलून कसं चालेल? लोकशाही आहे ही. वाजव, पोरा, वाजव!"

"मुळीच नाही!" मिस ॲव्हरिल उसळल्या. "निकाल जाहीर झालाय. आकडे वाचून झालेत. ऑरिन, तू आता फक्त तुझं मत दे आणि मोकळा हो."

"मग हॉइट इतकी वर्षं घंटी कशाला वाजवत होते?" मी विचारले. मला खरेच उत्तर हवे होते.

मी घंटी वाजवली. आत्या आणि चौघी बाहेर आल्या. एकीच्या हातात डाव तसाच होता. मी कलम पुन्हा वाचले, सावकाश. 'हो' म्हणणाऱ्यांना उभे राहायला सांगितले. तेच त्रेसष्ट उभे राहिले. स्वयंपाकघराच्या दारात आधीपासूनच पाची जणी उभ्या होत्या, म्हणून मी त्यांना हात वर करायला सांगितले.

आत्याने हात वर केला.

मला वाटले तिला कळले नाही. मी म्हणालो, "ही 'हो'ची मोजणी आहे."

"मला ऐकू येतं, ऑरिन," ती म्हणाली. "आत भांडी वाजतात, इथे नाही."

तिच्याबरोबर दोघींनी हात वर केले. उरलेल्या दोघींनी 'नाही'च्या मोजणीत केले; तिथेही तेच त्रेसष्ट उभे राहिले. सहासष्ट विरुद्ध पासष्ट. ठराव मंजूर.

"एक मिनिट!" टटल उभे राहिले. "स्वयंपाकघर सभागृहात धरतात असं कुठं लिहिलंय? मधे दार आहे!"

"वॉल्डो, बायकांना डावलून कसं चालेल?" मिस ॲव्हरिल गोड आवाजात म्हणाल्या. "लोकशाही आहे ही."

मी म्हणालो, सकाळपासून तीन मोजण्यांत स्वयंपाकघर धरले आहे आणि कोणी हरकत घेतली नाही, म्हणून याही वेळी धरले आहे. आवाज मध्येच चिरकला, पण वाक्य पूर्ण झाले. मग जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जेवताना टटल माझ्या टेबलाशी आले नाहीत. मिस ॲव्हरिल आल्या.

"ठराव मंजूर झाला, पण तुझ्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "संधी तुझ्या हातात होती, ती तू तुझ्या आत्याला दिलीस."

मी म्हणालो, हो. दुसरे काय म्हणणार?

संध्याकाळी आत्याला विचारले, असे का केलेस. ती पातेली घासत होती. फोटो जागेवरच होता.

"दोन वर्षं मी या माणसाची बाजू घेऊन भांडतेय," ती म्हणाली. "पोस्टात भांडले, चर्चमध्ये भांडले, बहिणीशी बोलणं बंद केलं. आणि दर वेळी भांडताना माझे हात रिकामे. ते म्हणतात त्यानं केलं, मी म्हणते नाही केलं, आणि मला तरी काय ठाऊक? नीट पाहू दे कोणीतरी. मग मी त्या ॲव्हरिलला दाखवते."

"आणि केलं असेल तर?"

तिने पातेले पालथे घातले. "भांडी पूस," ती म्हणाली.

एक शंका मनातून जात नाही. घंटी मला तेव्हा खरोखर आठवली, की मत द्यावे लागू नये म्हणून आठवली? हात आधी तिथे गेला, हे नक्की. मनाचे सांगता येत नाही.

बुधवार, ६ मार्च

दुकानात वेळेवर गेलो, कारण येऊ नकोस असे कोणी म्हणाले नव्हते. टटल यांनी मान वर केली नाही. दहाच्या सुमारास म्हणाले, "तुला काढत नाही. पोती कोण उचलणार? पण टेबल माझ्या पुतण्याला देतोय."

मी म्हणालो, बरे.

"तू माझं ऐकलंस, हे मला कळतंय," ते म्हणाले. "घंटी वाजव म्हणालो तो मीच. त्याचाच जास्त राग येतोय."

दिवसभर माणसे भांडायला दुकानात येत होती. अर्ध्यांनी मला शाबासकी दिली, अर्ध्यांनी ऐकवले. एकाने दोन्ही केले. भांडायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जायला लाजतो, त्यामुळे प्रत्येकाने काहीतरी घेतले. पक्ष्यांचे दाणे संपले. एरवी मार्चमध्ये संपत नाहीत.

आतल्या खोलीत दोनदा गेलो, पोती ठेवायला. टेबलाकडे पाहिले नाही. एकदा पाहिले.

गुरुवार, ७ मार्च

सात इंच बर्फ. सहा वाजता ट्रकच्या आवाजाने जाग आली. आमची वाट, डॉक्टरांच्याही आधी. मी कोट घालून बाहेर धावलो.

"मी अजून सभापती आहे," मी सांगितले. "पुढच्या मार्चपर्यंत."

"मग पंचांकडे लेखी तक्रार कर," रोवीना म्हणाली. "माझं नाव नीट लिही. रोवीनात ओ आहे."

"माहीत आहे मला."

"ते माहीत आहे तुला?" ती हसली. कशाला, ते कळले नाही. "मंगळवारी माझी टोपी बघत बसलास आणि घंटी विसरलास, हे अख्ख्या गावानं पाहिलं, ऑरिन. तुझ्याशिवाय."

ट्रक गेला. मी तक्रार लिहिली आहे. एकही चूक नाही. अजून दिलेली नाही.

शुक्रवार, ८ मार्च

ठरावाची प्रत सभापतीच्या सहीने लोकप्रतिनिधींना पाठवावी लागते. गावाच्या कचेरीतल्या खणात आठ सेंटची तिकिटे होती, पण गेल्या शनिवारपासून पत्राला दहा सेंट पडतात. आठची दोन लावली असती तर गावाचे सहा सेंट वाया गेले असते. म्हणून दहाचे एक मी स्वतःच्या पैशाने घेतले आणि पत्र टाकले.

मग प्रश्न पडला. पैसे मागितले तर मी ठरावाच्या मागे लागलो असे दिसेल. नाही मागितले तर मी ठरावाला दहा सेंटची देणगी दिली असे होईल, आणि सभापतीने ते मुळीच करू नये. दुपारच्या जेवणात विचार करून मागायचे ठरवले.

भरपाईच्या चिठ्ठीवर एका पंचाची सही लागते. दोन पंच मेपलच्या झाडांचा गोड रस काढायला जंगलात गेले होते. उरले टटल. चिठ्ठी घेऊन मी आतल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. पुतण्या टेबलावर बसून नखे कुरतडत होता.

टटल यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. कान लाल झाले.

"हे त्या पत्राचं तिकीट?"

"हो."

"आणि यावर सही मी करायची?"

"दुसरे दोघे जंगलात आहेत, मिस्टर टटल. थांबायचं असेल तर मला घाई नाही."

पुतण्या फिदीफिदी हसला. "काका, फाडून टाका ना."

टटल त्याच्याकडे वळले. "गावानं ठराव केला ना? मग टपाल गावाचं. मी काय या पोराचे दहा सेंट बुडवू?" त्यांनी इतक्या जोरात सही केली की कागदाला भोक पडले. मग गावाच्या डब्यातून नाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "त्या कागदातला एक शब्द मला पटत नाही, लक्षात ठेव."

"हो, मिस्टर टटल."

"पावती दे."

मी पावती दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, आणि पुतण्याला म्हणाले, "बघ, अशी लिहितात पावती." मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आले असावे, कारण ते एकदम बाहेर पोती मोजायला गेले.

सभापतीचे मानधन आजच मिळाले. जानेवारीत माझ्या जुन्या ट्रकच्या टायरसाठी टटल यांच्याकडून उचल घेतली होती, ती बाहेर जाऊन त्यांच्या हातात दिली. घाई नव्हती, ते म्हणाले. मी म्हणालो, माहीत आहे.

या आठवड्याचे:
जमा, मानधन: वीस डॉलर. तिकिटाची भरपाई: दहा सेंट.
खर्च, नेकटाय: दोन डॉलर पंचाहत्तर सेंट. खोकल्याच्या गोळ्या, सभेसाठी: पंधरा सेंट. तिकीट: दहा सेंट. टायरची उचल, फेडली: अठरा डॉलर.
जमेपेक्षा नव्वद सेंट जास्त गेले, ते पगारातून.
देणे: कोणाचेच नाही. दोनदा तपासले.